एक वाडा, एक टीव्ही, तीन भाषा आणि रविवारची रंगोली

मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका पोराने विचारलं, दूरदर्शनवर रविवारी सकाळी हिंदी सिनेमाच्या गाण्यांची ती रंगोली लागायची ना, एमटीव्ही आल्यावर ती बंद पडली ना? मी म्हटलं बंद कुठे पडली बाबा, एमटीव्हीवर गाणी लागायची बंद झाली तरी रंगोली चालूच होती. त्याला खरं वाटेना. मग मी विचार करायला लागलो की आमच्या सोलापूरच्या वाड्यात रंगोली नक्की कधी सुटली आणि का सुटली, कारण सुटली हे खरं आहे, पण एमटीव्हीमुळे नाही. पाच-सहा जुन्या शेजाऱ्यांना फोन केले, आईला विचारलं, एका शनिवार-रविवारी जाऊन आलो, आणि जे हाताला लागलं ते सगळं एकत्र करून इथे मांडतोय. वाडा एकच आहे, त्यामुळे अख्ख्या देशाचं असंच झालं असेल असा माझा दावा नाही. पण एवढं एक प्रकरण तरी नीट समजून घ्यावं म्हणून.

आधी वाडा. साखर पेठेच्या पलीकडे, सात बिऱ्हाडं, मधे चौक, एक नळ. सोलापूरबाहेरच्या लोकांना सांगावं लागतं की आमचं गाव तीन भाषांचं आहे, पूर्व भागात पद्मशाली समाज, घरात तेलुगू, कर्नाटकची हद्द जवळ म्हणून कन्नड बोलणारी घरं भरपूर, आणि मग आम्ही मराठी. वाड्यात तीन बिऱ्हाडं तेलुगू, दोन कन्नड, दोन मराठी त्यातलं एक आमचं. मालक कन्नड. बायका चौकात एकमेकींशी मराठीत बोलायच्या, भांडताना मात्र जिची तिची भाषा. आम्ही पोरं सगळ्या भाषांतल्या शिव्या शिकलो, बाकी काही नाही.

टीव्ही एकच, मालकांच्या ओसरीवर, लाकडी खोक्यातला, शटर सरकवायचं आणि कुलूप लावायचं असला. सोलापूरसारख्या गावांत टीव्ही आला तो ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने जी छोट्या ट्रान्समीटरची साखळी उभी केली तिच्यामुळे, १९८३ मध्ये इन्सॅट १बी हा उपग्रह वर गेला आणि दिल्लीहून निघालेलं चित्र उपग्रहावरून थेट गावोगावच्या टॉवरला मिळायला लागलं. त्यामुळे मुंबईकरांच्या आठवणी आणि आमच्या आठवणी वेगळ्या असतात. त्यांना गुरुवारचं छायागीत, गजरा, साप्ताहिकी सगळं मिळालं, १९७२ मध्ये सुरू झालेलं मुंबईचं केंद्र त्यांच्या घरचंच. आमचा टीव्ही म्हणजे मुख्यतः दिल्ली, मराठी नंतर आणि हप्त्याहप्त्याने.

रविवार सकाळ ही जागा तयार केली रामायणाने. २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं, ३१ जुलै १९८८ ला संपलं, मग २ ऑक्टोबर १९८८ पासून महाभारत, ते २४ जून १९९० पर्यंत. म्हणजे साडेतीन वर्षं लोकांना रविवारी सकाळी अंघोळ करून टीव्हीपुढे बसायची सवय लागलेली होती. रंगोली आली ती याच सवयीच्या उंबऱ्यावर, १९८९ च्या सुमारास, महाभारताच्या आधी गाणी. आता वेळ विचाराल तर आई सात म्हणते, मालकांचा मुलगा आठ म्हणतो, मला फक्त एवढं आठवतं की गाणी सुरू झाली की पाणी तापलेलं असायचं आणि डोक्याला तेल चोपडलेलं. महाभारत गेलं, पुढे जंगल बुक आलं, चंद्रकांता आली, श्रीकृष्ण आला, पण त्यांच्या आधीची ती गाणी तशीच राहिली.

एक गोष्ट इथे सांगायला पाहिजे नाहीतर रंगोलीचं महत्त्व कळणार नाही. याच सरकारी माध्यमाने एकेकाळी फिल्मी गाण्यांना दारातून हाकललेलं होतं. १९५२ मध्ये बी. व्ही. केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले, चांगले मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे भक्त, आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ गायब झालं. लोकांनी काय केलं, रेडिओ सिलोन लावलं. अमीन सायानी आणि बिनाका गीतमाला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. आणि तीस-बत्तीस वर्षांनी त्याच सरकारने रविवारची सकाळ, म्हणजे देशाची सगळ्यात भारी वेळ, त्याच गाण्यांना दिली. मला यात फार मजा वाटते.

तर आता ओसरी. कोण कुठे बसायचं हे ठरलेलं. मालक खुर्चीवर, त्यांच्या घरचे सतरंजीवर, आम्ही पोरं अगदी पुढे डोळे फुटेपर्यंत, आई आणि बाकीच्या बायका खांबाला टेकून. आणि अक्का पायरीवर. अक्का म्हणजे मागच्या खोलीतली तेलुगू अक्का, विडी कामगार. सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात, कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायचा, पानं भिजवायची, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पान गुंडाळायचं, दोरा बांधायचा, टोक मुडपायचं, पुढची. पैसे हजारावर. रविवार असला म्हणून हात थांबत नाहीत. तंबाखूचा वास येतो म्हणून ती पायरीच्या वर येत नसे, म्हणायचे तरी तसं. मला लहानपणी ते खरं वाटायचं. आता वाटतं, वास तर पायरीवरून पण ओसरीत येतच होता की.

ही अक्का या प्रकरणातली मुख्य साक्षीदार आहे, कारण तिच्याकडे रंगोलीचं मोजमाप होतं. एका रंगोलीत तिच्या साधारण नव्वद विड्या व्हायच्या. पण गाणं चांगलं लागलं की मान वर जायची आणि हात मंदावायचे, मग सत्तर, कधी साठ. रंगोली संपली की ती सुपातल्या विड्या मोजायची आणि निकाल सांगायची. "नव्वद झाल्या, आज काय दम नव्हता." किंवा "पासष्टच झाल्या बघ, लय चांगली होती." म्हणजे जेवढ्या विड्या कमी तेवढी रंगोली भारी, आणि तेवढं तिचं नुकसान. आम्ही पोरं तिच्या सुपाकडे बघून कार्यक्रमाला मार्क द्यायचो. पुढे टीआरपी वगैरे शब्द कानावर आले तेव्हा मला पहिल्यांदा ते सूपच आठवलं.

यातून अजून एक कळतं, रंगोली हा बघायचा कार्यक्रम कमी आणि ऐकायचा जास्त होता. कुणी तांदूळ निवडतंय, कुणी इस्त्री करतंय, वडील एसटीत कंडक्टर असल्याने त्यांची सुट्टी रविवारी असेलच असं नाही, ते असले तर दाढी करत करत ऐकायचे. विविध भारतीला चित्र जोडलं तर जे होईल ते. दोन गाण्यांच्या मधलं निवेदन आलं की लोक बोलून घ्यायचे. आणि ती खालची पट्टी, चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. मी देवनागरी भराभर वाचायला त्या पट्टीवर शिकलो असं आई सांगते, कारण पट्टी जायच्या आत पूर्ण वाचली तरच जिंकलो असा आमचा खेळ होता. (त्या पट्टीत ज्यांची नावं कधीच आली नाहीत ते म्हणजे अरेंजर, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे गोव्याचे लोक, ज्यांनी या गाण्यांचं वाद्यवृंदाचं सगळं काम लिहून काढलं. हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळलं. असो.)

आणि प्रत्येक गाण्यावर हक्क सांगणारं कुणीतरी वाड्यात असायचंच. लताबाई, आशाबाई आल्या की आई म्हणणार आपल्या. सी. रामचंद्र म्हणजे चितळकर, पुणतांब्याचे, नगर जिल्हा, हे तर तिने आम्हाला पाढ्यासारखं पाठ करून घेतलेलं. गुरुदत्त पडद्यावर आला की मालक खुर्चीत सावरून बसायचे, जन्म बेंगळूरचा आहे म्हणे. आणि १९८९ च्या शेवटी तो एक सिनेमा आला ज्यात सलमान खानसाठी एस. पी. बालसुब्रमण्यम गायले, तेव्हापासून अक्काचे दिवस आले, "आमचा बालू" म्हणून ती पायरीवरून अख्ख्या ओसरीला ऐकवायची. निवेदिका हेमा मालिनी, त्या तमिळ घरातल्या, त्यांच्या हिंदीला थोडा दक्षिणेचा हेल, अक्का म्हणायची हिची हिंदी मला कळते, बातम्यावाल्या बाईची कळत नाही. नंतर शर्मिला टागोर आल्या, त्या बंगाली. म्हणजे बघा, गाणी हिंदी, पण सांगणारी दक्षिणेची किंवा बंगालची, गाणारी मराठी किंवा तेलुगू, आणि ऐकणाऱ्या आमच्या सात बिऱ्हाडांपैकी एकाचीही मातृभाषा हिंदी नाही. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं, हे लिहायला बसलो तेव्हा आलं.

आता खरी सिच्युएशन. केबल.

१९९६ च्या गणपतीच्या आसपास वाड्यात केबल आली. मालकांनी घेतली, महिन्याचे पैसे सगळ्यांनी थोडे थोडे. झी टीव्ही १९९२ पासून होता पण आमच्याकडे पोचायला एवढा वेळ लागला. आणि आता गाणीच गाणी, सकाळी गाणी, दुपारी गाणी, अंताक्षरी, सारेगम, चॅनेल व्ही, दूरदर्शनचं दुसरं चॅनेल मेट्रो लावलं तर तिथेही. कुठल्याही शहाण्या माणसाने म्हटलं असतं की आता आठवड्यात एकदा एक तास येणारी रंगोली कोण बघणार.

पण सगळे बघत राहिले. पुढची चार-पाच वर्षं. हेच मला कोडं वाटलं आणि त्यासाठीच फोन केले.

पहिलं उत्तर सगळ्यांनी एकच दिलं, की केबलवर जुनी गाणी नव्हती. यात तथ्य आहे. नवीन गाणं म्हणजे सिनेमाची जाहिरात, निर्मात्याला ते जितक्या वेळा लागेल तितकं हवंच असतं, त्यामुळे त्या चॅनेलवर तीच दहा गाणी दिवसभर फिरायची. जुनं गाणं कुणाची जाहिरात नाही, ते दाखवायचं तर हक्क कुणाकडे आहेत बघा, पैसे द्या, धड प्रिंट शोधा, कोण करणार. पण मला हे उत्तर पुरं वाटत नाही, कारण आम्हा पोरांना जुन्या गाण्यांचं काही पडलेलं नव्हतं, आम्हाला शेवटचं नवीन गाणं हवं असायचं, आणि तरी आम्हीच सगळ्यात आधी ओसरीवर जाऊन बसायचो.

दुसरं उत्तर मालकांच्या मुलाने दिलं, तो आता पुण्यात असतो. तो म्हणाला, अरे केबल आल्यावर भांडणं किती झाली आठव. आणि मग सगळं डोळ्यापुढे आलं. केबलबरोबर नुसता एमटीव्ही आला नव्हता. उदया टीव्ही आला होता, १९९४ मध्ये सुरू झालेला, कन्नड. जेमिनी आणि ईटीव्ही आले होते, १९९५ चे, तेलुगू. आयुष्यात पहिल्यांदा मालकांना आणि अक्काला टीव्हीवर स्वतःची भाषा ऐकायला मिळाली. आणि टीव्ही एक. रात्री साडेआठ म्हणजे रोजचं महाभारत. मालक रिमोट खिशात घालून नळावर जायचे, शपथ. तेलुगू बिऱ्हाडं म्हणायची तीन घरं आमची, पैसे आमचे जास्त, आमचा अर्धा तास जास्त. आई म्हणायची मराठी बातम्या सात वाजता लागल्याच पाहिजेत. एकदा तर पैशांवरून बोलाचाली होऊन दोन घरांनी वर्गणी बंद केली आणि तरी त्यांची पोरं खिडकीतून बघायची म्हणून अजून भांडण.

आणि या सगळ्यात एकच तास असा होता ज्याच्यावर कधीच वाद झाला नाही, रविवारी सकाळची रंगोली. कारण ती कुणाच्याच भाषेतली नव्हती. हिंदी लावली म्हणजे मालक जिंकले असं नाही, अक्का जिंकली असं नाही. शिवाय गाणं कुठलं लागणार हे दिल्लीत कुणीतरी ठरवलेलं, त्यामुळे भांडायला समोर माणूसच नाही. आवडलं नाही तर सगळे मिळून दूरदर्शनला शिव्या द्यायचे, आणि शिव्या मात्र तीन भाषांत. माझ्या मते वाड्यात रंगोली टिकली ती या तहामुळे, गाण्यांमुळे नंतर.

थोडी बारीक कारणंही आहेतच, नाही म्हणत नाही. केबलवाल्याची वायर कुणीतरी तोडायचं किंवा त्याच्याकडची लाईट गेली की बाकी सगळं जायचं, दूरदर्शन मात्र अँटेनावर यायचं, म्हणून मालकांनी गच्चीवरची अँटेना काढली नव्हती. १९९५ च्या केबल कायद्याने केबलवाल्याला दूरदर्शनची दोन चॅनेल दाखवणं सक्तीचं केलेलं होतं, म्हणजे केबलवर पण रंगोली होतीच, चित्र उलट जास्त स्वच्छ. पण सक्तीने चॅनेल दिसतं, लोक बघतीलच असं थोडंच आहे.

मग सुटली कधी? १९९९ च्या १५ ऑगस्टला अल्फा मराठी, म्हणजे आत्ताचं झी मराठी, सुरू झालं, २००० मध्ये ईटीव्ही मराठी. आता आमचीही भाषा आली. त्याच सुमारास जुना द्या नवा घ्या, हप्त्याने घ्या अशा योजना सगळीकडे सुरू होत्या आणि एकेका बिऱ्हाडाने चौदा इंची रंगीत टीव्ही घ्यायला सुरुवात केली. आधी अक्काच्या दिराने, मग आम्ही, २००२ पर्यंत वाड्यात पाच टीव्ही. भांडणं संपली. एका रात्रीत म्हणावं तशी संपली, चौकात शांतता, प्रत्येक खोलीतून वेगळ्या भाषेचा आवाज. आणि भांडण संपलं तसं तहाचं काम उरलं नाही. रविवारी सकाळी अक्काच्या दिराकडे तेलुगू सिनेमाची गाणी, मालकांकडे कन्नड, आमच्याकडे मराठी काहीतरी. रंगोली चालू होती, कुणी बंद पाडली नव्हती, फक्त ती लावायची असं कुणी ठरवलं नाही. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या एकालाही शेवटची रंगोली कुठली ते आठवत नाही.

म्हणून मी त्या पोराला म्हटलं की एमटीव्हीला उगाच दोष देऊ नको, आमच्याकडे रंगोलीला खरी टक्कर दिली ती उदया, जेमिनी आणि अल्फाने. आणि हे वाईट झालं असं म्हणायची माझी हिंमत नाही. अक्काला पन्नाशीत स्वतःच्या भाषेतला सिनेमा घरात, पायरीवर नाही, स्वतःच्या खोलीत पाय पसरून बघायला मिळाला. त्या ओसरीच्या आठवणी काढून गळा काढणारे आम्ही सगळे सतरंजीवर बसणारे होतो, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

दूरदर्शनच्या बाजूने बघितलं तर त्यांनी कार्यक्रम ताजा ठेवायचा म्हणून निवेदिका बदलल्या, मधे श्वेता तिवारी होती, स्वरा भास्कर होती, सेट बदलले. माझं मत विचाराल तर निवेदिकेवर लोक येत नव्हते, त्यामुळे तिच्या बदलाने जातही नव्हते. २००४ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी जे केलं त्याचा परिणाम जास्त झाला, डीडी डायरेक्ट प्लस, आत्ताचं फ्री डिश. एकदा छत्री आणि डबा घ्यायचा, महिन्याचं काही नाही. २०१६ मध्ये जिओ आलं आणि गाणी मोबाईलवर फुकटात जमा झाली, तरी ज्यांच्या हातात मोबाईल धरायला हात मोकळा नाही त्यांच्यासाठी ही छत्रीच कामाची.

अक्काचे हात अजून मोकळे नाहीत. ती आता सत्तरीच्या पुढे, वाडा पाडून तिथे बिल्डिंग झाली, ती मुलाकडे विडी घरकुलाच्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीच्या, बाजूला राहते. पत्र्यावर फ्री डिशची छत्री. केबल का नाही विचारलं तर म्हणाली दर महिन्याला कोण देणार, आणि तेलुगू नातवाच्या मोबाईलवर असतंच. लॉकडाऊनमध्ये कारखाने बंद, पानं नाहीत तंबाखू नाही, तेव्हा मार्चच्या शेवटी रामायण परत लागलं ते तिने रिकाम्या हातांनी बघितलं, आणि म्हणाली चैन पडेना बघ, हात नुसतेच हलायचे.

मी गेलो तो रविवार होता. दारात चप्पल काढतोय तोवर आतून ओरडली, "काय करलालाव रे तिथं, आत ये की." टीव्हीवर रंगोली. सूप मांडीवर, चष्मा नाकावर. मी आपला भिंतीला टेकून बसलो, सुनेने चहा दिला, मधे कृष्णधवल दोन गाणी लागली, एक मला माहिती नव्हतं, पट्टी वाचेपर्यंत गेली. अक्का काही बोलली नाही. शेवटची जाहिरात लागली तशी तिने चष्मा वर केला, सुपातल्या विड्या पाच-पाचाने बाजूला करत मोजल्या. वय झालंय, आता चांगल्या दिवशीसुद्धा पन्नासच्या वर जात नाहीत म्हणाली होती मगाशी.

"किती?" मी विचारलं.

"एकतीस," ती म्हणाली, आणि हसली.